डावीकडचा आवाज

“गुळवणी, तेवढा श्वास काढता येईल का?”

निपाणीकर काकांनी डोळे न उघडता विचारलं. दुपारचे चार वाजून बावीस-तेवीस मिनिटं झाली होती. पंखा बंद, खिडक्या बंद, गडद पडदे ओढलेले. मी त्यांच्या मागे स्टुलावर बसून घाम पुसत होतो.

“कुठला श्वास, काका?”

“ती उजवीकडची बाई हो. बुवांना ठसका लागतो, मग ती सूर धरते ना? त्याच्या आधी घेते बघा. जरा मागे घ्या.”

मी मोबाइलवरून गाणं अर्धा मिनिट मागे घेतलं. बुवांचा खोकला आला, पेला खाली ठेवल्याचा आवाज आला, मग नुसते दोन तानपुरे. आणि उजव्या स्पीकरमधून एक श्वास. भरभरून घेतलेला, शेवटी किंचित अडलेला. त्याच्यामागून बाईचा सूर.

“हा. का कोण जाणे, मला तो खटकतो,” काका म्हणाले. “इतकं सगळं छान चाललेलं असतं.”

मी हसलो. “काका, हे लॉसलेस आहे. लॉसलेस म्हणजे काही गमवायचंच नाही. टेपवर जे आहे ते सगळं येणार, श्वासासकट, खोकल्यासकट. तुम्हाला निवडून-टिपून हवं असेल तर मग माझं काय काम होतं?”

“बरं, राहू दे,” ते म्हणाले. “त्या बिचारीचा काय दोष.”

ह्याला आता चार वर्षं होतील. सांगलीला विश्रामबागेत माझं स्पीकर-अँप्लिफायरचं दुकान आहे. तेव्हा मला माझ्या कानांचा फार गर्व होता. दुकानात येणारं गिऱ्हाईक बहुतेक दणका मागणारं. भिंत हलली पाहिजे, शेजारी भांडायला आला पाहिजे, अशी मागणी. त्यांना मी दणका देत असे आणि मनातल्या मनात नाकं मुरडत असे. मला हवं होतं एखादं कानाचं गिऱ्हाईक.

ते आले ते वही घेऊन आले. ऐंशीच्या पुढचं वय, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. वासुदेव निपाणीकर, पाटबंधारे खात्यातून निवृत्त कार्यकारी अभियंता. उभ्या उभ्या वही उघडून म्हणाले, “घरी बसून मोबाइलवरचं गाणं जास्तीत जास्त स्वच्छ ऐकायचंय. काय काय करावं लागेल ते क्रमानं सांगा. मी लिहून घेतो.”

“कुठलं गाणं?”

“एकच आहे,” ते म्हणाले.

मला वाटलं, म्हातारपणाचा छंद. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरी गेलो तेव्हा कळलं.

त्यांच्या पत्नीला जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांच्या हॉलमध्ये काचेचं एक मोठं शोकेस होतं, त्यात स्टीलच्या कपांची रांग, कोयनेच्या धरणाची एक प्रतिकृती आणि बाईंचा फोटो. हसतमुख, जाड भिंगाचा चष्मा. काकांनी मला मोबाइल दाखवला. पडद्यावर एका जुन्या मैफलीचं नाव होतं. सदलगेकर बुवा, राग मुलतानी, मिरज, १९६८. खाली बारीक अक्षरात, तानपुरा व स्वरसाथ : ललिता बोडस, सरोज उपाध्ये.

“ह्यातली ललिता बोडस म्हणजे आमची वसुधा,” काका म्हणाले. “लग्नात मी नाव बदललं. तांदळाच्या ताटात अंगठीनं वसुधा लिहिलं. तेव्हा सगळेच बदलायचे. तिला विचारलंही नव्हतं.”

“काकू गात होत्या?”

“सहा वर्षं बुवांकडे शिकली. लग्न झालं आणि आम्ही कोयनेला गेलो. वसाहतीत कुठला तानपुरा न् कुठलं काय. मी तिला गाऊ नको असं कधीच म्हटलं नाही, गुळवणी.” ते जरा थांबले. “पण गा, असंही कधी म्हटलं नाही. पन्नास वर्षांत एकदाही नाही. ती घरात गुणगुणायचीसुद्धा नाही. मला वाटायचं, सुटलं असेल.”

ती मैफल मिरजेच्या एका डॉक्टरांनी परदेशातून आणलेल्या दोन माइकच्या टेपरेकॉर्डरवर मुद्रित केली होती. आता त्यांच्या नातवानं ती टेप नीट उतरवून घेऊन ॲपवर चढवली होती. ही बातमी काकांना धारवाडहून सरोजताई उपाध्यांनी फोन करून दिली. दोघी मैत्रिणी बुवांच्या मागे एकेका तानपुऱ्यावर बसलेल्या. श्रोत्यांच्या डाव्या हाताला ललिता, उजव्या हाताला सरोज. काकांनी हे वहीत लिहून ठेवलं होतं आणि खाली दोनदा रेघ ओढली होती.

“मला तिचा गाता आवाज माहीतच नाही,” ते म्हणाले. “मोबाइलवर लावलं तर बुवा तेवढे ऐकू येतात, मागे नुसती भुणभुण. ह्या दोघींतली ती कुठली, ते कळलं पाहिजे. मला ती ओळखू आली पाहिजे. बस्, एवढंच काम आहे.”

“मग आधी हेडफोन लावून बघायचा का? त्यात डावं-उजवं लगेच—”

“नाही.” पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. “कानात काही घालून नाही. ती ह्या घरात गायली नाही. ती ह्या घरात ऐकू यायला हवी.”

मी कामाला लागलो.

त्या कामात माझं सगळं शहाणपण मी ओतलं. ब्लूटूथ बंद केलं, कारण त्यातून जाताना गाणं बरंचसं गाळलं जातं. नेटच्या डब्यापासून थेट वायर ओढली. ॲपमध्ये दर्जा कमाल केला, आवाज आपोआप सारखा करणारी सोय बंद केली, गोडवा वाढवणारी बटणं शून्यावर आणली. डिजिटल गाण्याचा पुन्हा आवाज करणारा एक छोटा डबा मध्ये जोडला, त्याला आम्ही डॅक म्हणतो. स्पीकर कानाच्या उंचीच्या स्टँडवर ठेवले. काका पाणसळ घेऊन आले आणि दोन्ही स्टँड समतल आहेत का ते तपासलं. एक स्टँड केसभर कलला होता, त्याखाली त्यांनी पोस्टकार्डाची घडी घातली. मग सुतळी धरून दोन्ही स्पीकर आणि त्यांची खुर्ची ह्यांचा त्रिकोण मापला.

“तिन्ही बाजू समान,” ते खुशीत म्हणाले. “धरणाची भिंतसुद्धा इतकी बिनचूक झाली नव्हती.”

शोकेसमधले कप खर्जाच्या सुराला किणकिणत होते. ते काढून स्वयंपाकघरात ठेवले. फरशीवर सतरंजी घातली. सगळी यंत्रं शोकेसच्या खालच्या कप्प्यात होती आणि शोकेस होतं भिंतीपासून हातभर पुढे. मी त्या फटीत शिरून, शोकेसच्या मागे उभा राहून सगळ्या वायरी जोडल्या. डावी डावीकडे, उजवी उजवीकडे. हे काम मी डोळे मिटून करू शकतो, असं मी काकांना सांगितल्याचंही मला आठवतं.

मुलतानी दुपारचा राग, म्हणून काकांनी चार वाजेपर्यंत लावू दिलं नाही.

चार वाजता लावलं आणि खोटं कशाला सांगू, मला स्वतःलाच काटा आला. बुवा समोर बसले होते. सतरंजीवर, दीड हातावर. मागे दोन तानपुरे वेगवेगळे ऐकू येत होते, एक जरा जाड, एक कोवळा. नवव्या मिनिटाला बुवा श्वास घ्यायला थांबले आणि डाव्या स्पीकरमधून एका मुलीनं तान घेतली. लखलखीत, धीट, कुठे न अडखळता वरच्या षड्जावर जाऊन उभी राहिली. बुवांनी “वाहवा” म्हटलेलं ऐकू आलं.

काकांनी चष्मा काढला. मग म्हणाले, “इतकं यायचं तिला?”

मी मान खाली घातली. मलाही भरून आलं होतं, आणि त्यात अभिमानाचा वाटा मोठा होता.

पुढचा आठवडाभर त्यांचं रोज चारला ऐकणं चाललं. मी दोनदा काही ना काही निमित्तानं जाऊन आलो. दुसऱ्या वेळी त्यांनी तो श्वास काढायला सांगितला, ते वर आलंच आहे. त्या दिवशी निघताना त्यांना विचारलं, “काय काका, झालं ना समाधान?”

“आवाज फार सुंदर आहे,” ते म्हणाले. “पण एक सांगू? ओळख पटत नाही. मी रोज म्हणतो, ही वसुधा. मग पुन्हा मनात येतं, पन्नास वर्षं जी माझ्यासमोर बसून भाजी निवडत होती ती ही? इतकी धीट? अजून थोडं स्वच्छ होईल का हो?”

“ह्याच्यापुढे स्वच्छ काही नसतं,” मी म्हणालो.

“मग दोष माझाच,” ते म्हणाले.

दोन दिवसांनी दुपारी दुकानात फोन आला. “गुळवणी, या. आत्ता या.” एवढंच.

गेलो तर काका खुर्चीत ताठ बसलेले. मोबाइल स्टुलावर, स्पीकरफोन चालू केलेला. पलीकडून एका म्हाताऱ्या बाईचा खणखणीत आवाज आला, “आले का ते दुकानवाले?”

“आलेत. सरोजताई, मला म्हणालात तेच ह्यांना सांगा.”

“अहो, भावजी मला सांगत होते, नवव्या मिनिटाला ललितानं काय तान घेतलीय म्हणून. इतकं कौतुक चाललेलं. मी आधी ऐकून घेतलं. म्हटलं, नातवानं कानात घालायचं दिलंय मला, बघू या तरी कुठली ते. ऐकलं, आणि ती तान तर माझी! बुवा त्या तानेवर वाहवा म्हणाले होते, ते मी जन्मात विसरणार आहे का? आणि ती उजवीकडूनच येतेय. तुमच्याकडे डावीकडून कशी आली हो?”

मी मुकाट्यानं शोकेसच्या मागे गेलो.

मागे उभं राहिलं आणि लक्षात आलं. तिथून माझं तोंड हॉलकडे होतं. म्हणजे माझा डावा हात तो काकांचा उजवा, आणि माझा उजवा तो त्यांचा डावा. वायरींवर डाव्या-उजव्याची अक्षरं होती, डब्यावर अक्षरं होती. मी ती बघितलीच नव्हती. मी माझ्या हातांवर विसंबलो होतो. दर्जा कमाल, दोन्ही स्टँड समतल, तिन्ही बाजू समान, आणि डाव्याचं उजवं.

एक क्षण मनात आलं, गुपचूप वायरी बदलाव्या आणि बाहेर येऊन सांगावं की डब्यात बिघाड होता. कुणाला कळणार होतं? पण फटीतून मला काकांचे पाय दिसत होते. पायमोजे घालून, दोन्ही पाय जुळवून ते बसले होते, निकालाची वाट बघणाऱ्या मुलासारखे. मी बाहेर आलो.

“काका, चूक माझी आहे. मागून लावताना मी डावं-उजवं उलटं केलं.”

काकांनी दोन्ही स्पीकरकडे आळीपाळीनं बघितलं. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

“म्हणजे आठवडाभर,” ते सावकाश म्हणाले, “मी परक्या बाईच्या आवाजावर रडलो.”

फोनमधून सरोजताई म्हणाल्या, “परकी काय हो म्हणता, भावजी?” आणि मग त्यांचाही आवाज बदलला. “माझ्या गाण्यावर आजवर कुणी रडलं नव्हतं. रडलात ते रडलात. मी ठेवून घेते. आता तुमच्या बायकोचं ऐका.”

“ती गायलीय कुठे पण?” काकांनी विचारलं. त्यांचा धीर सुटल्यासारखा झाला होता. “दुसऱ्या ठिकाणी तर नुसता सूर आहे. बुवा खोकतात तिथे.”

“तेच तर,” सरोजताई म्हणाल्या. “तेवढंच आहे तिचं. बुवांना ठसका लागला आणि सगळे गडबडले. मीसुद्धा. हिनं सूर सोडला नाही. जवळजवळ मिनिटभर एकटीनं मैफल धरून ठेवली. नंतर बुवा आम्हाला म्हणाले होते, तान कुणीही घेईल, असं धरून ठेवणं शिका. ती सांगायची नाही का तुम्हाला?”

काकांनी नकारार्थी मान हलवली. फोनवर ते दिसणार नव्हतं, पण सरोजताई समजल्या असाव्यात. “बरं. ऐका तुम्ही,” म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी पुन्हा मागे जाऊन वायरी बदलल्या. ह्या वेळी प्रत्येक अक्षर वाचलं. पुढे येऊन डावं-उजवं वेगवेगळं वाजवून बघितलं. आजही मी कुणाच्याही घरी समोर उभा राहून हे केल्याशिवाय पाऊल बाहेर टाकत नाही. माझ्या हाताखालचे लोक हसतात, हसू देत.

चारला दहा मिनिटं होती. काकांनी चहा विचारला नाही, मी मागितला नाही. त्यांनी उठून शोकेसमधला फोटो काढला, खिशातल्या रुमालानं पुसला आणि पुन्हा जागेवर ठेवला. मग खुर्चीत बसले.

“त्या श्वासाबद्दल मी काय म्हणालो ते ताईंना सांगू नका,” ते म्हणाले.

“नाही सांगणार.”

“काढता आला असता तर तुम्ही काढला असता?”

“तेव्हा काढला असता,” मी म्हणालो. खरंच काढला असता.

चार वाजता लावलं. पहिल्यापासून, कारण मधूनच लावायला काका तयार नव्हते. नवव्या मिनिटाला तान आली, ह्या वेळी उजवीकडून. काकांनी त्या स्पीकरकडे बघून ओळखीच्या माणसाला करावी तशी मान हलवली. मग वाट बघणं. बुवा विस्तार करत होते आणि आम्ही दोघं त्यांच्या खोकल्याची वाट बघत होतो. मला आयुष्यात कुणाच्या खोकल्याची इतकी आस लागली नव्हती.

बाविसावं मिनिट आलं. ठसका. पेला. नुसते तानपुरे.

आणि डावीकडून, काकांच्या खुर्चीपासून सुतळीनं मापलेल्या अंतरावरून, तो श्वास.

“काय गं?” काका म्हणाले.

डोळे मिटलेले होते, मान वर केली नव्हती. अगदी सहज, घरातल्या घरात विचारावं तसं ते म्हणाले. त्यांच्या शब्दाखाली सुराची सुरुवात बुडाली. मग सूर वर आला. धीट नव्हता तो. बारीक होता, पण हलत नव्हता. बुवा पुन्हा गायला लागेपर्यंत तो तसाच उभा राहिला.

मी गाणं थांबवलं. काकांनी दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरले होते.

“असाच घ्यायची,” ते म्हणाले. “काही बोलायचं असलं की आधी असाच श्वास घ्यायची. आणि अडायची. मला राग यायचा त्याचा. वाटायचं, बोलायचं तर बोल ना पटकन. मी पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचो, काय गं?”

“मग?”

“मग म्हणायची, काही नाही.”

स्वयंपाकघरात ठेवलेल्या कपांवर नळाचं पाणी ठिबकत होतं. तेवढा आवाज येत होता. मी उठून नळ घट्ट बंद करून आलो. परत आलो तेव्हा काकांनी चेहरा पुसला होता.

“गुळवणी, परत लावा. त्या श्वासापासून.”

मी मागे घेतलं. ठसका, पेला, तानपुरे. काका खुर्चीत डावीकडे थोडे झुकले. हात मांडीवर, ओठ घट्ट मिटलेले. श्वास आला, भरला आणि अडला.

ह्या वेळी त्यांनी काही विचारलं नाही. तिला गाऊ दिलं.